डाव्या पिशवीत वळू

मला खुर्जी म्हणतात. पिंप्राळ्यात कुणी झोळी म्हणायचं, जळगावचे पुखराजशेठ तोंड वाकडं करून 'साईड बॅग' म्हणायचे, आणि देवचंद आबांनी तर पहिल्याच भेटीत मला गाढवावरची गोणी ठरवून टाकलं. मी कशालाही ओ देते. दोन पिशव्या, मधे रुंद पट्टा, फटफटीच्या सीटवर टाकायचा आणि दोन्ही बाजूंना लोंबत राहायचं, एवढाच माझा देह. घोड्यांच्या काळात आमच्या घराण्याला मान होता म्हणे. माझ्या वाट्याला फटफटी आली, आणि तीही इतकी म्हातारी की चढावर बैलगाडीवाले तिला वाट करून देत.

माझं कूळ सांगण्यासारखं नाही. उजवी पिशवी लग्नाच्या मांडवाच्या जुन्या कनातीची. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं बघितल्यामुळे तिला प्रत्येक घरातलं आतलं ऐकायची सवय. डावी पिशवी भंगारात निघालेल्या बसच्या सीटच्या रेक्झिनची. तिच्यावर एवढी माणसं बसून गेली होती की तिला कशाचंच काही वाटत नसे. या दोघींना कलाबाईंनी शिलाई यंत्राखाली घातलं, मधे पट्टा जोडला, आणि सत्त्याऐंशी साली मी झाले.

कलाबाई म्हणजे पितांबरची बायको. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर यंत्र. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज, पोरांच्या चड्ड्या, उशांचे अभ्रे त्यांच्या हातून जात. बोलणं कमी. त्यांना मी अहोजाहो करते आणि पितांबरला एकेरी म्हणते, याचं नवल वाटू देऊ नका. जिनं मला शिवलं तिचा मान वेगळा.

पितांबर एका दूध संघात नोकरीला होता, तीही हंगामी. काम असं की गावोगाव फिरायचं आणि माजावर आलेल्या गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं. सोप्या भाषेत, वळू न नेता वळूचं काम उरकून यायचं. जातिवंत वळूंचं वीर्य बारीक कांड्यांत भरलेलं असतं. त्या कांड्या उकळत्या गारठ्यात, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात, आणि तो नायट्रोजन एका जाड, पोटफुग्या डब्यात. हा डबा आडवा झाला तर सांडतो. कोरडा पडला तर आतले सगळे वळू एका झटक्यात मरतात, आणि मग त्या कांड्या घेऊन गायीकडे जाण्यात काही अर्थ नाही.

माझ्याआधी हा डबा सुतळीनं कॅरिअरला आवळलेला असायचा. पाळधीच्या बाजाराच्या दिवशी गर्दीतून जाताना सुतळी तुटली. डबा आडवा झाला आणि त्यातून पांढऱ्या धुराचा लोट भुईवरून पसरत गेला. बॉम्ब, बॉम्ब असं कुणीतरी ओरडलं. भाजीवाल्या टोपल्या टाकून पळाल्या, गिऱ्हाइकं भाजी घेऊन पळाली, फौजदारानं कुणाला न दिसता मागची गल्ली धरली. जागेवर राहिले ते फक्त पाळधीचे म्हातारे देवचंद आबा. त्यांचा धीर मोठा होता असं नाही, गुडघे धरले होते. धूर त्यांच्या धोतराभोवती फिरून निघून गेला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, काय शे डब्बामा?"

"वळू शे, आबा," पितांबर म्हणाला.

आबांनी थोडा विचार केला. "मंग तो पादना का काय?"

झालं. त्या दिवसापासून पंचक्रोशीत पितांबरचा डबा 'पादरा वळू' म्हणून ओळखला जाऊ लागला. पण पितांबरची झोप उडाली. त्या दिवशीच्या निम्म्या कांड्या वाया गेल्या होत्या. वरच्या साहेबांनी बोलावून बजावलं, की पुन्हा माल नासला तर तुझं रेतन केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणजे तू घरी.

म्हणून नवराबायको जळगावात पुखराजशेठच्या दुकानी गेली. शेठजी दुचाकीचं सामान विकायचे. त्यांच्याकडे चामड्याच्या देखण्या पिशव्या टांगलेल्या होत्या, पितळी बकलं, आत अस्तर. भाव ऐकून पितांबरनं हातातली पिशवी इतक्या अलगद खुंटीला लावली, जणू ती झोपलेली होती. कलाबाईंनी मात्र तीच पिशवी पुन्हा काढली. उलटी केली, शिवण बोटानं चाचपली, तळ दाबून पाहिला, पट्टा कुठून कुठे जातो ते बघितलं. शेठजींनी घेणार का म्हणून विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि घरी येऊन त्यांनी मला शिवलं.

पहिल्या दिवशी माझं जे झालं ते सांगायला नको, पण सांगते. नुसती सीटवर टाकल्यावर मी वाऱ्यानं फडफडू लागले. डावी पिशवी मागच्या चाकात जायला बघे आणि उजवी गरम सायलेन्सरला जाऊन बिलगली. एरंडोलच्या अलीकडे जळका वास आला. पितांबरला वाटलं इंजिन गेलं. इंजिन धड होतं, माझं पोट जळालं होतं. आतली भाकरी एका बाजूनं पुन्हा भाजून निघाली.

घरी आल्यावर कलाबाईंनी माझ्या पोटाला ठिगळ लावलं आणि म्हणाल्या, हिला आतून आधार पाहिजे, नुसतं कापड उभं राहत नाही. रेल्वे फाटकाजवळ वना नावाचा वेल्डिंगवाला होता. तो म्हणाला लोखंड आणा, बाकी मी बघतो. लोखंड घरात होतंच. कलाबाईंच्या माहेरून लग्नात आलेली लोखंडी खाट पाय मोडून परसात पडली होती. वनानं तिच्या सळया कापल्या, वाकवल्या, आणि फटफटीच्या दोन्ही अंगांना दोन चौकटी ठोकून बसवल्या. चाकापासून लांब, सायलेन्सरपासून लांब. डावीकडे डब्याच्या मापाचं गोल कडं. आता फटफटी नाचली तरी डबा समईसारखा सरळ.

खाट घराबाहेर निघाली तेव्हा पितांबरची आई नर्मदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "खाट मोडली, तरी पाळणा नाही हलला."

कलाबाईंनी सळया मोजून वनाच्या हातात दिल्या. पितांबर फटफटी पुसत होता, तो पुसतच राहिला.

तर हे त्या घराचं दुखणं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. आणि नवऱ्याचा धंदा काय, तर अख्ख्या तालुक्यातल्या गाई गाभण ठेवायचा. लोकांना यापेक्षा आणखी काय हवं? गोठ्यात पितांबर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गायीच्या मागे उभा असायचा, त्या अवस्थेत माणसाला पळून जाता येत नाही, आणि तेव्हाच कुणीतरी हमखास म्हणायचं, की भाऊ, एखादी कांडी घरीबी ने. पितांबर त्यांच्याबरोबर हसायचा. मग हात धुवायचा, सामान माझ्यात भरायचा आणि फटफटी नेहमीपेक्षा जोरात पळवायचा. आतली थर्मासची फुलपात्री खडखडायची, तेवढाच काय तो आवाज.

घरात नर्मदाबाईंचे उपाय चालू असत. कुठला काढा, कुठला पाला, कुणा डॉक्टरीणबाईंकडे कलाबाईंना नेऊन आणणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हिच्यात काही दिसत नाही, नवऱ्याला घेऊन या. ते वाक्य नर्मदाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच ठेवलं. घरी येऊन सांगितलं, डॉक्टरणीला काही कळत नाही. आणि कलाबाई सासूला खोटं पाडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या यंत्रावर बसल्या.

पण ती दोघं दुःखी होती असं समजू नका. पितांबरला एक खोड होती. सकाळी लवकर तो कलाबाईंना पिंप्राळ्याच्या मागच्या उघड्या मैदानात घेऊन जायचा आणि फटफटी शिकवायचा. कारण सांगायला मी होतेच. खुर्जीची चाचणी घेतो म्हणायचा. एवढी चाचणी विमानाचीही होत नसेल. कलाबाई साडीचा ओचा घट्ट खोचून बसायच्या, आधी दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा जे सुटल्या ते मैदान संपलं तरी थांबेनात. मागून पितांबर ब्रेक, ब्रेक म्हणत धावतोय आणि पुढे त्या खदखदा हसतायत. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी तेव्हाच ऐकलं. शेजारच्या सुनंदाबाईंनी पाहिलं, नर्मदाबाईंच्या कानावर घातलं, आणि चाचण्या बंद झाल्या.

मग रुक्माबाईची गाय आली. रुक्माबाई एकटीच राहणारी, जीव सगळा त्या एका गायीवर. गाय दोनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर आली होती. तिसऱ्या खेपेला पितांबर मागे उभा राहिला आणि गायीनं एकदाच, पण मनापासून, लाथ मारली. आवाज मी खुंट्यापाशी उभ्या फटफटीवरून ऐकला. ओली काठी मोडावी तसा. पितांबरच्या नडगीचं हाड मोडलं. विशेष म्हणजे गाय त्याच वेळी गाभण राहिली. लोकांनी ही गोष्ट त्याला दवाखान्यात येऊन सांगितली.

पायाला मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. माणूस घरी पडून राहू शकतो, डबा राहू शकत नाही. नायट्रोजन रोज थोडाथोडा उडत असतो, आणि तो भरायला धुळ्याला जावं लागे. त्या वेळी डब्यात नवीन आलेल्या चांगल्या वळूंच्या कांड्या होत्या. त्या मेल्या तर पितांबरच्या नोकरीचंही खरं नव्हतं. त्याच्या जोडीला काम करणारा छगन बहिणीच्या लग्नाला गुजरातेत गेलेला. एस.टी.त डबा घ्यायला कंडक्टर तयार नव्हते, पाळधीचा धूर त्यांच्याही कानावर गेला होता. पितांबर काठी डब्यात घालून बघायचा आणि काठीवर जमलेल्या हिमाची रेघ रोज खाली गेलेली दिसायची.

शेवटी कलाबाई म्हणाल्या, "मी चालवते. तुम्ही मागे बसा."

नर्मदाबाई भडकतील असं सगळ्यांना वाटलं. त्या भडकल्या नाहीत. उलट जा म्हणाल्या, आणि यातच काय ते समजायला हवं होतं. कलाबाई पाणी भरायला गेल्यावर त्यांनी पितांबरला हळूच सांगितलं, की धुळ्याला जातोच आहेस तर मामाकडे डोकावून ये. मामाच्या साडूची मुलगी आहे, नवऱ्यानं टाकलेली, पण अंगापिंडानं चांगली. मी निरोप पाठवलाय. पाय मोडला असला म्हणून काय झालं, मुलगी डोळ्यांनी बघायची असते.

पितांबर हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मी ओट्याच्या कठड्यावर वाळत पडले होते. यंत्राच्या बाजूला, आतल्या दारात, पाण्याचा हंडा घेऊन कलाबाई उभ्या होत्या. हंडा भरलेला होता, पण त्यातलं पाणी जराही हिंदकळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. ती वरात डोळ्यांसमोर आणा. पुढे कलाबाई, साडीवर पितांबरचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मागे पितांबर, एक पाय माणसासारखा आणि दुसरा पांढरा, ताठ, वनाच्या उजव्या चौकटीवर आडवा ठेवून माझ्या तोंडाच्या बंदानं बांधलेला. खाली उशी म्हणून माझी उजवी पिशवी. डाव्या कड्यात डबा, झाकणातून मंद वाफ सोडणारा. रस्त्याच्या कडेनं चाललेली माणसं वळून बघता बघता बांधावरून खाली उतरत. एरंडोलला एका ट्रकवाल्यानं आम्हाला दोनदा मागे टाकलं, कारण पहिल्यांदा त्याचं नीट बघून झालं नव्हतं.

पारोळा सोडल्यावर पितांबरचा पाय ठणकू लागला. कलाबाईंनी कडुलिंबाच्या सावलीत फटफटी उभी केली, त्याला टेकवून बसवलं आणि माझ्यातून भाकरीचं फडकं काढलं. भाकरी त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "मामांच्या दारापर्यंत मी सोडते. आत येणार नाही."

पितांबरचा घास हातात राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"आपल्या घराला मधे एकच भिंत आहे."

समोरच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका काम सोडून प्लास्टरकडे बघत होत्या. कलाबाईंनी त्याला पाणी दिलं. मग अगदी सहज, ब्लाऊजचं माप विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "रुक्माबाईची गाय दोनदा उलटली, तेव्हा तुम्ही आधी काय तपासलं?"

"कांडी," तो म्हणाला. त्याच्या धंद्यातला प्रश्न होता, उत्तर आपोआप आलं. "मग डबा. नायट्रोजन पुरेसा होता का ते."

"आणि गाय?"

"गाय शेवटी. आधी कांडी बघायची. गायीला उगाच बोल लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात आम्हाला."

कलाबाईंनी फडकं झटकलं, घडी केली. "मग माझ्या वेळी कसं विसरलात?"

माझ्या डाव्या पिशवीत त्या वेळी उत्तम जातीचे कितीतरी वळू होते. एकानंही तोंड उघडलं नाही. पितांबर स्वतःच्या पायाकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं उरलेली भाकरी खाल्ली, आणि कलाबाईंनी त्याला उठायला हात दिला.

धुळ्यात आधी डबा भरून घेतला. तिथली माणसं फटफटी चालवणाऱ्या बाईला बघायला खिडकीत जमली होती, त्यामुळे काम पटकन झालं. बाहेर रस्त्याला लागल्यावर चौक आला. मामांचं घर डावीकडे. कलाबाईंनी वेग कमी केला आणि वळण्यासाठी डावा हात बाहेर काढला.

मागून पितांबर म्हणाला, "उजवीकडे घे."

उजवीकडे एका डॉक्टरांचा दवाखाना होता. पितांबर त्यांना कामामुळे ओळखून होता, त्यांच्या घरी दोन गाई होत्या आणि त्यांची वासरं पितांबरच्याच हातची. काठीवर लंगडत तो आत गेला. कलाबाई बाहेर फटफटीपाशी थांबल्या, डब्यावर एक हात ठेवून. आत काय झालं ते त्यानं नंतर त्यांना सांगितलं, मी तेव्हाच ऐकलं. जन्मभर दुसऱ्यांचं जे नेऊन पोचवलं, तेच स्वतःचं एका बाटलीत देण्यासाठी त्याला मागच्या खोलीत पाठवलं. वेळ फार लागला. प्लास्टरमुळे, असं तो म्हणाला. मग डॉक्टरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बघितली, आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली. वळूचं वीर्य कसं दिसतं ते त्याला माहीत होतं. गर्दी असते, पाळधीच्या बाजारासारखी, कोण कुठे धावतंय कळत नाही. त्यानं डोळा लावला. काचेवर काहीच नव्हतं. कुणी पळून गेलेलं नव्हतं, मुळात कुणी आलंच नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तो फटफटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "कांडी रिकामी आहे, कला."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ऐकून घेतलेलं सगळं त्यांना त्या क्षणी परत करता आलं असतं. रस्ता मोकळा होता, ऐकायला मी आणि वळू सोडून कुणी नव्हतं. त्या खाली बसल्या, त्याचा पाय उचलून चौकटीवर ठेवला, माझा बंद ओढून घट्ट केला. "पाय हलू देऊ नका," म्हणाल्या, आणि किक मारली.

येताना पितांबरनं मागचं कॅरिअर धरलं होतं. मुकटीच्या पुढे त्यानं ते सोडलं आणि भर दुपारी, हायवेवर, कलाबाईंच्या कमरेला दोन्ही हात घातले. त्या म्हणाल्या, लोक बघतायत. तो म्हणाला, बघू दे. माझ्यावर जे दोन-चार थेंब पडले ते डब्यातले नव्हते. डब्यातला थेंब अंगावर पडला तर चटका बसतो.

पिंप्राळ्यात नर्मदाबाई ओट्यावर वाट बघत होत्या. सोबतीला सुनंदाबाई, कारण चांगली बातमी ऐकायला माणूस हवं. फटफटी थांबायच्या आत त्यांनी विचारलं, भेटले का मामा?

पितांबर उतरला नाही. बसल्या जागेवरूनच बोलला, आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "मामांकडे गेलोच नाही, आई. डॉक्टरकडे गेलो. मूल होत नाही ते माझ्यामुळे. कलाचा काही दोष नाही, कधीच नव्हता."

सुनंदाबाईंना घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं आणि त्या गेल्या. नर्मदाबाई बसून राहिल्या. कुणी सांगितलं म्हणाल्या. मी डोळ्यांनी पाहिलं, पितांबर म्हणाला. त्यांची नजर त्याच्यावरून प्लास्टरवर, प्लास्टरवरून डब्यावर गेली आणि तिथे स्थिरावली.

"या गारठ्यानं केलं हे. मेला बर्फ घेऊन गावोगाव हिंडतोस."

"डबा मागे असतो, आई."

"मागे असला म्हणून काय झालं? गारठा पुढे येत नाही का?"

डब्याला त्या दिवसापासून घरात बंदी झाली. मलाही, संगतीमुळे. नर्मदाबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. पुढे बरेच दिवस त्या आणि कलाबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. कलाबाई ताट वाढून ठेवत, नर्मदाबाई पाठ करून जेवत. मला वाटलं आता हे असंच राहणार. म्हातारं माणूस चुकलं तर त्याला वळायला जागा लागते, आणि घर दोनच खोल्यांचं.

मग एका सकाळी नर्मदाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्याखाली उतरल्या. जळगावच्या बाजाराला जायचं आहे म्हणाल्या, कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. रिक्षावाले फार लुटतात, असंही म्हणाल्या. आणि सरळ येऊन फटफटीच्या मागच्या सीटवर चढल्या. बायकांसारख्या एका बाजूला पाय सोडून नव्हे. लुगड्याचा काष्टा होता, त्यांनी टांग टाकली, दोन्ही पाय वनाच्या दोन चौकटींवर रोवले, आणि ठाकठीक बसून राहिल्या.

कलाबाईंनी यंत्रावरचं कापड खाली ठेवलं. आत जाऊन शर्ट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि येऊन किक मारली. पहिल्या धक्क्याला नर्मदाबाईंनी सुनेच्या खांद्याला घट्ट धरलं.

कोपऱ्यावर सुनंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी हसून विचारलं, "काय अक्का, सुनेच्या पोराबाळाचं काही कळलं का?"

"काय कळायचं ते पितांबरला विचार," नर्मदाबाई म्हणाल्या. "सुनेला गाडी चालवू दे."

कलाबाईंची पाठ हलली. त्या हसत होत्या का रडत, ते मागून सांगता येत नाही. फटफटी मात्र सरळ गेली.

पुढचं सांगायला फार नाही. कांड्या जगल्या, पितांबरचा पाय किंचित वाकडा का होईना बसला, आणि दोन-तीन वर्षांनी नोकरी कायम झाली. पुन्हा गोठ्यात कुणी घरी कांडी न्यायचं काढलं, तेव्हा त्यानं हातमोजा चढवता चढवता सांगून टाकलं, की माझ्याच कांडीत काही नाही, दुसऱ्याची नेऊन काय करू. देवचंद आबा तिथेच होते. त्यांनी तंबाखू एका गालातून दुसऱ्यात नेली. "मंग काय झायं? आमना गावना बठ्ठा वासरूंना बाप तूच शे ना," म्हणाले, आणि त्याला बसायला बाज ओढून दिली. तो विनोद त्या गावात परत झाला नाही. दुसऱ्या गावांत होत राहिला. पितांबर आता हसायचा तेव्हा खरंच हसायचा.

छगननं मला बघून स्वतःसाठी तशीच खुर्जी शिवून घेतली. मग दूधवाले आले, पोस्टमन आले, कीटकनाशकं विकणारे आले. कलाबाई शिवायच्या, वना चौकटी ठोकायचा, आणि पुखराजशेठनं चामड्याच्या पिशव्यांच्या शेजारी कनातीच्या पिशव्या टांगल्या. तोंड वाकडं करूनच टांगल्या, पण टांगल्या. नव्वदनंतर पितांबरची नरडाण्याला बदली झाली, तिकडच्या रस्त्यांनी फटफटीचा उरलासुरला दम काढला, आणि ती भंगारात गेली. जाताना वनाच्या चौकटी घेऊन गेली. नर्मदाबाई त्याच्या आधीच गेल्या. शेवटच्या आजारात दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली तर म्हणाल्या, कला कुठे आहे?

मी परत पिंप्राळ्याला आले. सध्या यंत्रामागच्या खिळ्यावर असते. उजव्या पिशवीचा तळ गेलाय, डाव्या पिशवीचं रेक्झिन कातडी सोलावी तसं सोलतंय. काल कलाबाईंनी चष्मा लावून मला उलटसुलट पाहिलं. नव्या खुर्ज्यांच्या आतून, जिथे लोखंड घासतं तिथे, जाड तुकडे लावावे लागतात. कात्री टेबलावर काढून ठेवली आहे. मला वाईट वाटत नाही. आयुष्यात जुळवून बसायची वेळ बऱ्याचदा आली, आता तुकड्यातुकड्यानं चार फटफट्यांवर बसेन.

जाता जाता एवढंच मागते. कुणाच्या घरी गेलात तर चहा प्या, भज्यांना नावं ठेवा, राजकारणावर बोला. त्या घरात लेकरू का नाही, ते तिथल्या बाईला विचारू नका. अगदीच पोटात मावत नसेल तर एखादी रिकामी पिशवी गाठा, तिच्या तोंडाशी वाकून काय ते विचारा, आणि वरून गाठ मारून टाका.